स्वतःच्या बागेचं तिकीट

लालबागच्या फुटपाथवर काजू विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मे महिन्यात मी गावाहून पहिल्यांदाच विमानाने आलो आणि अख्ख्या चाळीला सांगून झाल्यावर त्यालाही सांगायला गेलो. पुरावा म्हणून गावाकडच्या विमानतळावर घेतलेलं काजूचं पाकीट पुढे केलं.

त्याने एक गर उचलला, दोन बोटांत दाबून त्याच्या पाकळ्या केल्या, हुंगला आणि परत ठेवला.

"ह्यो आमचो काजू न्हय. वास खंय आसा?"

"अहो, पाकिटावर कोकण लिहिलंय!"

तो भडकला. "संपात गिरण गेली, तेव्हा बागेतल्या काजूवर पोरां जगली. मग अर्धी बाग त्याच विमानतळाक गेली. विमानतळवाले म्हणाले, उरलेल्या झाडांचो काजू हयच दुकानात विकू. आता दुकान आमच्या जमिनीवर आणि माल भायरचो!"

"मग जाऊन सांगा ना त्या दुकानदाराला," मी शहाणपणा शिकवला.

"गेल्लंय. दारावर तिकीट मागल्यानी. माझ्या बागेत जाऊक तिकीट!"

मला संताप आला. पण त्याच दारावर मला सलाम ठोकून आत सोडलं होतं आणि त्या सलामाचं कौतुक मी चाळभर सांगत सुटलो होतो.