बंदराच्या पायरीवरचे पाणी

डॉ. मनोरमाबाई खोपकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी माझे भाषण मध्येच थांबवले तेव्हा. माझ्या सभांत दगड आले आहेत, घोषणा आल्या आहेत, एकदा तर उधळलेला बैलही आला आहे. पण रिकामी बाटली घेऊन सभेत शिरलेले कोणी मी त्याआधी पाहिले नव्हते.

सभा पनवेलच्या बंदरावर होती. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत आली होती. त्या पावसाळ्यानंतर गावात हगवणीची आणि तापाची साथ पसरली, आणि आजारी पडलेल्या बऱ्याच घरांत आधी तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, कालवण झाले होते असे निघाले. लगेच गावच्या कारभारी मंडळींत भाषा सुरू झाली की शिंपल्या विकणाऱ्या कोळणींना बाजारातून कायमचे उठवावे. मी त्याविरुद्ध उभा राहिलो होतो. माझ्यासमोर सगळा कोळीवाडा बसला होता आणि पुढच्याच रांगेत हिरामावशी होत्या. मावशींचे घरधनी मासेमारीच्या मचव्यावर गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून तीन लेकरांचे घर बाजाराच्या कोपऱ्यातल्या हातभर जागेवर आणि एका टोपलीवर चालले होते. ती जागा गेली तर मावशींपाशी दुसरे काही नव्हते.

मी ऐन रंगात आलो असताना जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, पदर खोचलेल्या एक बाई गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापाशी आल्या. मी बंदराच्या पायरीवर उभा होतो.

"जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

"बाई, सभा चालू आहे."

"दिसतंय. पण भरती फिरायला आलीय, ती सभेसाठी थांबायची नाही. मला याच पायरीवरचं पाणी हवंय. तुम्ही पुढचं वाक्य थोडं लांबवा, तेवढ्यात माझं होईल."

लोक हसले. बाईंनी वाकून बाटली भरली, बूच लावले, बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हं, आता बोला." मी बोललो, पण त्या दिवशी टाळ्या त्यांच्याच होत्या.

या बाई कोण, हे मला मागाहून कळले. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली चांगली नोकरी सोडून त्या पनवेलला येऊन राहिल्या होत्या. प्राणिशास्त्र आणि रसायन या दोन्ही विषयांत त्यांचा अधिकार होता. एवढ्या विदुषी या गावात कशाला आल्या, असे मी एकदा विचारले. "खाडी मुंबईला यायला तयार नव्हती," त्या म्हणाल्या, "म्हणून मी पनवेलला आले." भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्या राहत आणि दुसरीत त्यांची प्रयोगशाळा होती. तिथली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक लाकडी पेटी, कंदिलाच्या उबेवर चालणारी. दुधातली साखर घातलेल्या द्रवात संशयित पाण्याचे थेंब टाकायचे, त्यातच एक इवलीशी नळी उलटी बुडवायची आणि सगळे पेटीत उबेला ठेवायचे. माणसाच्या आतड्यातले जंतू पाण्यात असले तर ते ती साखर खातात, वायू सोडतात आणि उलट्या नळीच्या टोकाला बुडबुडा धरतो. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या काळी हीच रीत होती. कोळीवाड्यातल्या बायकांनी त्या बुडबुड्याला 'फुगा' असे नाव दिले आणि बाईंनीही तोच शब्द उचलला.

फुगा काही माझ्या बाजूने नव्हता. बाजारातल्या बहुतेक टोपल्यांतल्या तिसऱ्यांनी फुगा धरला. कारभाऱ्यांचे म्हणणे खरे ठरत होते. मी प्रयोगशाळेत गेलो आणि स्पष्टच म्हणालो, "बाई, हे आत्ता जाहीर करू नका. हे त्यांच्या हातात पडलं की उद्या सकाळी मावशींची टोपली रस्त्यावर असेल." माझी भीती खोटी नव्हती, असे मी आजही म्हणतो. गरिबाविरुद्ध निघालेला अर्धा कागदसुद्धा या देशात वाऱ्यापेक्षा वेगाने पोचतो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "लपवणार तर मी काहीच नाही. पण अर्धंही सांगणार नाही. उरलेलं अर्धं शोधायला मला थोडे दिवस द्या."

आणि त्यांनी ते कसे शोधले, हे बाईंच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे, कारण मनोरमाबाईंची सारी कार्यपद्धती त्यात आहे. त्या टोपलीच्या मागोमाग गेल्या. ओहोटीला हिरामावशींबरोबर गुडघाभर चिखलात उतरून, खाडीच्या तोंडाशी जिथे तिसऱ्या वेचतात तिथल्या तिसऱ्या त्यांनी तिथेच उचलल्या. त्यांना फुगा नव्हता. बाजारातल्यांना होता. मग मधल्या वाटेत काय घडत होते?

मधल्या वाटेत घडत होती एक जुनी रीत. दुपारी वेचलेल्या तिसऱ्या दुसऱ्या सकाळच्या बाजारापर्यंत जिवंत राहाव्यात म्हणून बायका त्या जाळीच्या पिशवीत भरून, दोरी बांधून, सांजवेळी बंदराच्या पायरीपाशी पाण्यात सोडून ठेवत. सकाळी पिशवी वर ओढली की तिसऱ्या टपोऱ्या आणि ताज्या दिसत. बाईंनी विचारले तेव्हा मावशींना नवलच वाटले.

"मंग कुटं ठेवू गो बाय? घरान ठेवल्या तं मरतील. माजी सासू हितंच ठेवायची, तिची सासू बी हितंच ठेवायची."

"सासूबाईंच्या वेळी हा नाला इथे होता का?"

मावशींनी वळून पाहिले. पायरीपासून हाकेच्या अंतरावर गावाचा उघडा नाला खाडीत पडत होता. तो काही वर्षांपूर्वी गावानेच तिकडे वळवला होता.

"नाय," मावशी म्हणाल्या, आणि मग हळूच, "नाला मागून आला."

बाईंचा निष्कर्ष ऐकण्यासाठी कारभाऱ्यांनी सभा बोलावली, ती शाळेच्या सभागृहात. मनोरमाबाई दोन काचेच्या बरण्या घेऊन आल्या. दोन्हींत बंदरावरचे गढूळ पाणी होते. एकीत त्यांनी मूठभर जिवंत तिसऱ्या सोडल्या, दुसरी तशीच ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही बोला. मला तासभर हवाय, आणि तेवढा वेळ लोकांना बसवून ठेवणारं या गावात तुमच्याशिवाय कोणी नाही." माझ्या वक्तृत्वाचा इतका नेमका उपयोग कोणी केला नव्हता! मी बोललो. माझ्या पाठीमागे काय चालले आहे ते मला दिसत नव्हते. मात्र समोरच्या माणसांचे डोळे माझ्यावरून सरकून टेबलाकडे जाताना मला दिसत होते. शेवटी मीही वळलो. तिसऱ्यांच्या बरणीतले पाणी निवळले होते. पलीकडचे टेबल आरपार दिसत होते. दुसऱ्या बरणीतले पाणी तसेच गढूळ होते.

बाई उभ्या राहिल्या. आवाज माझ्यासारखा चढवणे त्यांना कधीच जमले नाही. "तिसरी पाणी गाळून जगते. या पाण्यातली घाण कुठे गेली? तिसरीच्या पोटात. ती घाण कुणाची? आपल्या सगळ्यांची. नाला आपला आहे."

एक वजनदार व्यापारी उठले. "ते असू द्या. कुठल्या कोळणीची टोपली सर्वांत वाईट निघाली तेवढं सांगा, तिच्यापासून सुरुवात करू."

पुढच्या रांगेत मावशींनी श्वास रोखलेला मी पाहिला. सगळ्या कोळीवाड्यानेच रोखला होता.

"ती टोपली माझी," बाई म्हणाल्या. "पैसे देऊन घेतली तेव्हाच माझी झाली. कुणाकडून घेतली ते मी लिहूनच ठेवलेलं नाही. उठवायचं तर मला उठवा."

विज्ञान थंड असते, त्याला काळीज नसते असे मानणारे माझे पुष्कळ मित्र आहेत. त्यांनी त्या दिवशी त्या सभागृहात असायला हवे होते. सत्य बाईंनी पुरते सांगितले, रतीभर कमी केले नाही. आणि तरी ते सत्य दुबळ्याच्या अंगावर पडू दिले नाही. मी आयुष्यभर ज्याला न्याय म्हणत आलो, तो न्याय मला त्या दोन बरण्यांच्या पलीकडे उभा दिसला.

पण मावशींचे समाधान झाले नव्हते. सभा उठता उठता त्या म्हणाल्या, "बाय, तुमी माजं नाव नाय घेतलंव, तुमचं भलं होव. पन उद्या आमी तिसऱ्या ठेवायच्या कुटं? नाला हालवतील तवा हालवतील. पोरं आजच जेवतान." मी म्हणालो, मावशी, आपण नाल्यासाठी लढू. त्यावर मावशींनी मला जे ऐकवले ते या ग्रंथात नमूद व्हावे अशी माझी इच्छा आहे: "मंग तवर मी बसू कुटं? तुमच्या भाषनावर?"

उत्तर बाईंपाशी होते. घाण पाजली की घाण पोटात ठेवणारी तिसरी, स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवली तर दीड-दोन दिवसांत पोटातले जंतू बाहेर टाकते. परदेशांत यावर मोठे काम झाले होते; तिकडे त्यासाठी खास टाक्या बांधतात. आमच्याकडे टाक्या कुठल्या? पण मिठागरे होती. खाडीच्या तोंडाकडे, नाल्यापासून दूर, कमळूशेठ पाटलांचे मिठागर होते. मिठागरात भरतीचे पाणी आधी एका मोठ्या तळ्यात घेतात आणि मग पुढच्या खाचरांत आटवतात. त्या पहिल्या तळ्यातले पाणी म्हणजे निव्वळ समुद्र. बाईंनी ते तपासले. फुगा आला नाही.

कमळूशेठ मात्र फुगले. "तिसऱ्या ठेवाल माज्या पान्यान, आनि माजं मीठ नासलं तं? लोक बोलतील, कमळ्याच्या मिठाला वास हाय."

बाईंनी त्यांच्याच तळ्याचे गढूळसर पाणी बरणीत घेतले, तिसऱ्या सोडल्या आणि शेठना बांधावर बसवून ठेवले. पाणी निवळताना शेठनी स्वतः पाहिले. "म्हंजे ह्या माजंच पानी गालून देतान," ते म्हणाले. मग मावशींकडे पाहून, "भाडं नको. रविवारचा वाटा तेवढा पाठवा. मोठ्या बगून."

"आनि शेठ, कालवण बी करून पाठवू का?" मावशी म्हणाल्या.

"पाठवा की. माजी बायको रागावंल, पन पाठवा."

आठवड्याभराने मावशी बाजारातल्या आपल्याच जागेवर टोपली घेऊन बसल्या. दुपार चढली तरी कोणी टोपलीकडे पाहीना. लोक वळसा घालून पुढे जात. तेव्हा मनोरमाबाई आल्या. भर बाजारात मावशींसमोर उकिडव्या बसल्या, एकेक तिसरी निवडून घेतली, घासाघीसही केली आणि उठताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आणि शिजताना तिसऱ्यांची तोंडं उघडली की लगेच उतरवू नका. चांगली उकळी फुटू द्या." त्यांना आवाज चढवताना मी तेवढे एकदाच ऐकले. सांजेपर्यंत टोपली रिकामी झाली. कोळणींना उठवण्याची भाषा पुन्हा कोणी काढली नाही.

त्यांच्या मायेची आणखी एक गोष्ट. नाला हलवावा म्हणून आम्ही गावोगाव सभा घेतल्या, पळस्प्यापासून उरणपर्यंत. त्या धामधुमीत माझा घसा पुरता बसला. बाईंनी कमळूशेठच्या मिठाची पुरचुंडी पाठवली, सोबत निरोप: कोमट पाण्यात घालून गुळण्या करा आणि आठ दिवस तोंड उघडू नका. मी ऐकणार नाही हे ठाऊक असल्याने पुढच्या सभेला त्या स्वतः आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, आणि मी उठू लागताच बोटाने मला खाली बसवले. त्या दिवशी माझ्याऐवजी हिरामावशी बोलल्या. लोक अजून त्या भाषणाची आठवण काढतात. माझ्या कुठल्याही भाषणाची काढत नाहीत.

आज बाई साठीच्या झाल्या, तरी त्यांचे काम थांबलेले नाही. खाडीच्या वरच्या अंगाला आता कारखाने येऊ लागले आहेत. ओढ्यांतून कधी निळे, कधी तांबडे पाणी उतरते. बाई त्याचेही नमुने घेतात आणि सध्या त्यांच्या बोलण्यात एक काळजी सारखी येते: जंतू तिसरी बाहेर टाकते, उकळीने मरतातही, पण काही धातू आणि रसायने तिच्या अंगात मुरून राहतात, ती ना स्वच्छ पाण्याने लवकर जातात ना उकळीने. त्यांना फुगाही येत नाही. मी कारखान्यांच्या विरोधात नाही. हातांना काम हवे. पण ज्या खाडीने आम्हाला मीठ आणि मासळी दिली, तिच्या पाण्यात काय सोडले जाते हे विचारण्याचा हक्क इथल्या प्रत्येक माणसाला आहे. तो प्रश्न कसा विचारायचा, हे या बाईंनी आम्हाला शिकवले: ओरडण्याआधी बाटली भरून घ्यायची, आणि बाटली भरल्यावर गप्प बसायचे नाही.

नाला अजून तिथेच आहे. त्यावर अर्ज झाले, आश्वासने झाली. मावशींच्या तिसऱ्या अजून मिठागराच्या तळ्यात दोन दिवस मुक्काम करून बाजारात येतात, आणि मनोरमाबाई अजून भरती फिरायच्या वेळी बंदराच्या पायरीवर वाकून बाटली भरतात. वर आल्या की बायका आदल्या बाटलीबद्दल विचारतात, "बाय, फुगा आला?" बाई होकाराची मान हलवतात. येतोच.

या लेखासाठी मी मावशींना विचारले, बाईंना काय शुभेच्छा देऊ? मावशी आता थकल्या आहेत. थोरली सून त्यांच्या जागेवर बसते. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, मना माजी पिशवी पुना पायरीवर सोडायची हाय. सासूसारकी. तवर त्यांनी जायाचं नाय."

मी हे बाईंना जाऊन सांगितले. त्या हसल्या. "आणि त्या दिवशी फुगा आला नाही, तर पुढे मी करू काय?"

"मावशींकडे जेवायला या," मी म्हणालो.

तेव्हा आम्हा सर्वांची हीच प्रार्थना. मनोरमाबाईंना इतके दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि गुडघे इतके धड राहोत, की नाला हललेल्या एका सकाळी त्यांनी त्याच पायरीवर वाकावे, बाटली भरावी, पेटीत उबेला ठेवावी, आणि उलट्या नळीच्या टोकाला काहीही नसावे.