बेटाचा व्हिसा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आरोपीचा चेहरा नंतर आठवतो, आधी आठवतो तो फोनमधून ऐकलेला समुद्र. साग, बांबू आणि धुकं यांच्या सोबतीने कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात नोकरीची शेवटची वर्षं काढणाऱ्या माणसाचं कॅरिबियनमधल्या एका बेटाशी काय देणंघेणं? पण ते बेट काही महिने आमच्या ठाण्यात मुक्कामालाच आलं होतं.

खबर दिली ती रामनगरच्या बाजारातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने. भर दुपारी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, एक एजंट हाय. परदेशातल्या एका बेटावर धाडतो म्हणून लोकांचे पासपोर्ट गोळा करतोय. व्हिसाच्या फोटोला माणसं माझ्याकडंच येत्यात. इतकं गोड सांगतोय की मी माझाबी फोटो काढून ठेवलाय. पण खरंच गेलेला माणूस अजून एकबी बघितला न्हाई मी."

तक्रार मात्र कोणी देईना. ठाण्याची पायरी चढलात तर व्हिसा रद्द होईल, अशी भीती एजंटने घालून ठेवली होती. फसलेला माणूस पोलिसांपेक्षा फसवणाऱ्यालाच जास्त जपतो, हे मी नोकरीभर पाहिलं. शेवटी कुंभारवाड्याकडच्या एका वाडीतली बाई बोलायला तयार झाली. तिचा नवरा त्याच बेटावर एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, आणि घरचं माणूस सोबत असल्याशिवाय डॉक्टर त्याला विमानात बसू देणार नव्हते. तिने धावपळ करून पासपोर्ट काढला होता, आणि तो घेऊन एजंट बसला होता.

"व्हिसा आलाय म्हणून मोबाइलवर फोटो दाखवला त्यानं," ती म्हणाली. "पण हातात द्यायला आज न्हाई उद्या करतोय."

"नवऱ्याला सांगितलंत का हे, अक्का?"

"न्हाई साहेब. आधीच अंथरुणावर हायत. त्यास्नी आणि ह्यो घोर कशाला?"

म्हणजे ज्याला ते बेट रोज दिसत होतं, त्यालाच कोणी काही विचारलं नव्हतं. मी त्याच्याशी बोलायचं ठरवलं. वाडीत रेंज यायची ती फक्त भाताच्या खाचरांवरच्या एका कातळावर. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी सकाळीच तिथे पोचलो. धुकं इतकं होतं की खालची घरं दिसत नव्हती, नुसते कोंबडे ऐकू येत होते. तिकडे त्या वेळी आदल्या दिवसाची रात्र पडत होती. फोन लागला आणि पहिल्यांदा आला तो लाटांचा आवाज. त्याची खाट खिडकीशी होती. आपण धुक्यात उभे आहोत की पाण्याच्या काठावर, तेच कळेना.

त्याची जीभ जड झाली होती, डोकं मात्र साफ होतं. व्हिसाचं विचारल्यावर तो म्हणाला, "कसला व्हिसा, साहेब? थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या आपल्या लोकांस्नी हितं व्हिसा लागत न्हाई. आमच्या हॉटेलात येत्यात की. पासपोर्ट बघत्यात, राहणार कुठं इचारत्यात, आणि परतीचं तिकीट मागत्यात. ते नसंल तर आत सोडत न्हाईत."

ठाण्यात येऊन मी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री केली. तो म्हणाला तसंच होतं. ज्या दाराला कुलूपच नव्हतं त्याची किल्ली एजंट विकत होता. मला संताप आला तो त्या बाईच्या वाया गेलेल्या दिवसांचा.

एजंटला चौकशीला आणलं. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला शांत माणूस. "मी सोता राहून आलोय तिथं," म्हणाला आणि सांगत सुटला. पिठासारखी वाळू, खिडकीतून हाताला लागणारे नारळ, संध्याकाळी घोट्याशी खेळणारे मासे. हवालदार जबाब लिहायचा थांबला आणि हनुवटीला हात लावून ऐकू लागला. मी त्याला हटकलं नाही, कारण मीही त्या वाळूवरून थोडा चालून आलो होतो. बाहेर बेळगाव-गोवा रस्त्यावर ट्रक घरघरत होते, आणि ठाण्यात लाटा येत होत्या.

मग मी विचारलं, "उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने पहिलं काय मागितलं?"

"व्हिसा."

"आणि परतीचं तिकीट?"

तो हसला. "परदेशात कमवायला जाणारा माणूस परतीचं तिकीट कशाला काढंल, साहेब?"

"मग तू परत कसा आलास?"

तो शर्टाची बाही सारखी करू लागला. हवालदाराने पेन उचललं. त्यानंतर एकदाही आवाज चढवावा लागला नाही. एजंटने समुद्र पाहिला होता तो फक्त कारवारचा. पासपोर्ट त्याच्या भाड्याच्या खोलीत, तांदळाच्या डब्यात सापडले.

पंचनामा झाला आणि मला नवाच घोर लागला. जप्त केलेला मुद्देमाल न्यायालयाच्या ताब्यात जातो, आणि खटला संपेपर्यंत तिचा नवरा वाट बघत राहणं शक्य नव्हतं. पासपोर्ट परत मिळावा म्हणून आम्ही तिच्याकडून तातडीने अर्ज करवला. न्यायाधीशांनी तिला कन्नडमध्ये एकच विचारलं, परत कधी येणार? तीही कन्नडमध्येच म्हणाली, भात कापायच्या आत, नवऱ्याला घेऊन. परत आल्यावर ठाण्यात हजर होण्याच्या हमीपत्रावर पासपोर्ट तिला मिळाला. बेटाला व्हिसा नको होता, पण वाटेत जिथे विमान बदलायचं त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागत होता. त्यासाठी बेंगळुरूची खेप झाली. हॉटेलमालकाने राहण्याच्या सोयीचं पत्र पाठवलं. तिकिटं निघाली, जायचं एक आणि परतीची दोन.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. जाण्याची गोष्ट खोटारडाही सुंदर रंगवतो, कारण तिची स्वप्नं त्यालाही पडलेली असतात. परतीचं विचारलं की तो अडखळतो, कारण परतीचा विचार तोच करतो ज्याची कोणी वाट बघत असतं. नंतरच्या प्रत्येक चौकशीत मी आधी परतीचंच विचारत गेलो.

खाचरं पिवळी पडली होती तेव्हा ती ठाण्यात हजर झाली. नवरा बाहेर जीपमध्ये शाल पांघरून बसला होता. मी जाऊन त्याचा हात हातात घेतला. हवालदाराला मात्र राहवेना. "अक्का, बेट कसं हाय वो? वाळू खरंच पिठासारखी हाय?"

ती जीपकडे बघत म्हणाली, "कुणाला ठावं? मी ह्यास्नीच बघत बसलो हुतो."