वीस सेल आणि फाटकाचा चढ

माझी थोरली नणंद, निरुपमावन्सं, शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. वडिलांचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं. त्यांनी स्वतःसाठी हट्ट धरलेला मी एकदाच पाहिला. पन्नाशीत, आणि तोही स्केटबोर्डला मोटार बसवण्याचा!

बोर्ड माझ्या नीलचा. अमेरिकेला शिकायला जाताना माळ्यावर टाकून गेलेला. जुन्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या उघडून वन्संनी वीस धडके सेल निवडले आणि दहा-दहाच्या दोन ओळी जोडल्या. दिवाळीत बोर्ड बाणासारखा सुटला आणि आमच्या बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीच्या फाटकापाशी, चढाच्या मध्यावर मेला. वन्सं तो काखेत मारून परतल्या.

"ताई, माझी सायकल घे," त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले.

"संक्रांतीपर्यंत थांब, अवी. तेव्हाही चढला नाही तर मीच भंगारवाल्याला देईन. पुन्हा नाव काढणार नाही."

वन्सं बोलल्या की करतात. 

जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळं पुन्हा सोडवलं. "आता पाच-पाचच्या चार ओळी, सुनंदा. वेग निम्मा होईल."

"मग फायदा काय?"

"चढावर मोटार जास्त वीज ओढते. दोनच ओळींवर भार आला की हे वापरलेले सेल मान टाकतात. गणपतीच्या पाटाला दोघांऐवजी चौघं लावले तर?"

"हळू जातील, पण पोचतील."

"सेल तेच गं. फक्त कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं, एवढंच."



उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, रस्ते ओस असतात, कुणी बघायचं नाही, म्हणून तीच दुपार ठरली. मांज्याच्या भीतीनं गळ्याला मफलर, डोक्याला हेल्मेट. रस्ता ओसच होता. पण त्या दिवशी अख्खं बडोदं गच्च्यांवर असतं, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही!

"अरे जुओ, जुओ! टीचर!" समोरच्या गच्चीवरून कुणी ओरडलं. पतंग सोडून माणसं कठड्यांना लागली.

चढावर बोर्ड मंदावला. दिवाळीची जागा आली. कुणीतरी गच्चीवरची गाणी बंद केली. मोटारीची घूंघूं खाली उतरली, अगदी कण्हल्यासारखी झाली, पण थांबली नाही. आणि वन्सं, ताठ, हात पसरून, हळूहळू वर निघाल्या. वर पोचल्या!

"काप्यो छे!" पतंग काटल्यावरची आरोळी देत सगळ्या गच्च्या एकदम गर्जल्या. थाळ्या वाजल्या.

आमच्या गच्चीवर ह्यांचा पतंग केव्हाच कटला होता; ढिला दोरा हातात तसाच.

"काय रे अवी," वन्सं रस्त्यावरून ओरडल्या, "भंगारवाला आला का?"

"येऊन गेला, ताई. माझी सायकल दिली त्याला!"

सगळे हसत होते. मी मात्र त्या चढाकडे बघत होते. रोज भाजीची पिशवी घेऊन मी तो चढते. तो एवढा उंच आहे, हे त्या दिवशी कळलं.