उंबरठ्याबाहेरची बॅग

सरोजवहिनी मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याच्या विद्यापीठातल्या नोकरीपायी चंदीगडला आल्या, पण चैत्रातलं हळदीकुंकू त्यांनी कधी चुकवलं नाही. सत्त्याऐंशी साली मात्र पंजाबातल्या दहशतवादामुळे नाक्यानाक्यावर झडत्या होत्या, बेवारस वस्तूंबद्दल इशारे देणाऱ्या पाट्या होत्या. बायका बाहेर पडायला भीत.

"यंदा राहू द्या वहिनी," मी शेजारीण म्हणून सुचवलं.

"का? मी मेले का?" त्या कडाडल्या. "बायका घरी येत नसतील तर आपणच संग्रहालयात जाऊ, सुरजीतला घेऊन. हळदीकुंकू तिथंच."

सुरजीत आमच्या पलीकडच्या घरातली. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत दिल्लीला तिचा भाऊ मारला गेला, तेव्हापासून तिनं फाटक ओलांडलं नव्हतं. फाळणीआधी लाहोरकडच्या आपल्या आजोळी भिंतीवर मोर रंगवलेले होते, असं ती एकदा बोलून गेली होती. इथल्या संग्रहालयात पहाडातल्या एका हवेलीची तशीच रंगवलेली खोली आणून उभी केली होती. ती तिला दाखवायचीच, असं वहिनींनी मनात घेतलं. त्यांनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकायच्या नाहीत. सुरजीतच्या हातापाया पडून त्यांनी तिला रिक्षात बसवलं.

निघताना कापडी पिशवीचा बंद तुटला. मग डाळीचा डबा आणि कुंकवाचा करंडा वहिनींच्या नवऱ्याच्या चामड्याच्या बॅगेत गेला.

संग्रहालयातल्या त्या खोलीच्या दारावर गणपती रंगवलेला होता. वहिनींनी हात जोडले, चपला काढल्या, आम्हालाही काढायला लावल्या आणि बॅगही बाहेरच भिंतीशी टेकवली. "देवाच्या दारात चामडं नेतात का गं?"

सुरजीत आत गेली आणि मोरांपुढे थबकली. "बिल्कुल ऐसे ही थे," ती पुटपुटली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. "लावारिस बैग! सब बाहर निकलो!"

एकच पळापळ झाली. आम्ही अनवाणीच पायऱ्यांवर येऊन थांबलो. शिपायाची नजर सगळ्यांवरून फिरत सुरजीतवर येऊन थांबली. तिनं माझा हात घट्ट धरला. "मुझे घर ले चलो. मैं अब कभी नहीं निकलूँगी." मला वहिनींचा असा संताप आला! हिला सोवळं पाळायला आजचाच मुहूर्त सापडला होता. आज सुरजीत अशी परतली, तर ती कायमची कोंडली जाणार होती.

"अगंबाई, बॅग तर माझीच!" वहिनी ओरडल्या आणि कुणी अडवायच्या आत पळत जाऊन ती घेऊन आल्या. शिपायापुढे डबा उघडला. "ये देखो बम. कच्चे आम की दाल है."

"पढ़ी-लिखी होकर सामान छोड़ती हैं?" तो चांगलाच बरसला. वहिनींनी मुकाट्यानं कान धरले, मग त्याच्या हातावर डाळ ठेवली. तो खाऊन म्हणाला, "खट्टी है. थोड़ी और दीजिए."

वहिनींनी तिथेच पायरीवर सुरजीतला हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, "चला आता घरी."

सुरजीत उठली. तिनं बॅग उचलून वहिनींच्या मांडीवर ठेवली.

"सरोज, तू इसे पकड़के यहीं बैठ. मैंने अभी आधे ही मोर देखे हैं."

आणि ती एकटीच आत गेली.