दोन आजोबा, एक चष्मा

"हिच्याही आजोबांचा चष्मा विहिरीत पडला?"

आतून आवाज आला आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मी गार पडले. वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखती चालू होत्या. बारावी तेव्हा नवीनच आली होती. कॉलेजवाले गुणांसोबत एक पानी इंग्रजी निबंधही मागवायचे: इथे का शिकायचंय? मी लिहिलं होतं की आजोबांचा चष्मा विहिरीत पडला, नवा येईपर्यंत मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवला आणि त्यातून शिक्षिका व्हायचं मनात आलं. चष्मा एकच होता. आजोबाही एकच.

माझी मैत्रीण शेजारी बसून शेंगदाणे खात होती. ती हिंगणघाटला आमच्या मागच्या गल्लीतली. घरची वांग्या-टमाट्यांची वाडी. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे यायचे. रजेचा, दाखल्याचा, विजेच्या मीटरचा. एकदा लिहिला की तोच कागद घरोघरी फिरे, नाव तेवढं बदले. मला ते बरं वाटायचं. बोलावं लागत नसे.

निबंधाचा कच्चा कागद मागायलाही ती तशीच आली होती. "नमुना म्हणून दे नं मले. उद्या वापस घेऊन जाजो." मी दिला. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंही मला जमत नसे.

"तू चष्मा तसाच ठेवलास?" मी कुजबुजले.

"मंग? कचेरीसमोरच्या टायपिस्टले कागद देल्ला, त्यानं नाव बदलवून टाइप करून देल्ला."

"तुझ्या आजोबांना चष्मा आहे तरी का?"

"नाई नं. अजून वांग्यातली अळी दिसते त्याईले." मग माझा चेहरा पाहून ती थांबली. "काऊन वं? अर्जच तर होय."

दोघींना एकदमच आत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी. तिचा टाइप केलेला, माझ्याआधी आठ दिवस पोचलेला. माझा हाताने लिहिलेला. नक्कल कुणाची, हे त्या कागदांकडे पाहून कुणीही सांगितलं असतं, आणि चुकीचं सांगितलं असतं. वर्ध्यापलीकडे मला पाठवणार नाही, असं वडिलांनी आधीच बजावलं होतं. इथे नाही, तर कुठेच नाही.

"नंतर त्या चष्म्याचं काय झालं?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "असंन अजून विहिरीतच, मॅडम."

शेजारचे सर खोकल्यासारखं हसले. बाई माझ्याकडे वळल्या. पुढची हकीकत निबंधात नव्हती, फक्त मला माहीत होती. तेवढी सांगून गप्प बसले असते तर माझी जागा पक्की होती, आणि तिची गेलेली. ती शेंगदाण्यांची पुडी मुठीत चुरगाळत होती.

"उन्हाळ्यात विहीर उपसली तेव्हा सापडला," मी म्हटलं. "एक काच तडकलेली. आजोबा अजून तोच लावतात, नव्याने डोकं दुखतं म्हणून. आणि निबंध हिला मीच दिला होता, मॅडम. आमच्या गल्लीत अर्ज असेच फिरतात. हिला एक दिवस द्या. वांग्यातल्या अळीवर ही माझ्यापेक्षा चांगलं लिहील."