बर्फावर सांडलेलं क्षिप्रेचं पाणी

देवाने वाचवलं म्हणू, बायकोने, की आमच्या पहाडी वाटाड्याने, हे मला अजून कळलेलं नाही. विचार करून डोकं भंजाळून जातं. तरी जसं घडलं तसं लिहितो.

डेंग्यूने ही अगदी हातची चालली होती, तेव्हा मी नवस बोललो होतो. ही बरी झाली की रामघाटावरचं क्षिप्रेचं पाणी हिच्याच हातून हिमालयातल्या महादेवाला वाहीन. घाटावरच्या गुरुजींनी अभिषेकाचा मुहूर्त काढून दिला, पावणेबारा ते साडेबारा. आम्ही उज्जैनची माणसं, मुहूर्त बघितल्याशिवाय नवा मिक्सरसुद्धा लावत नाही. मी मुहूर्तावरून उलटं मोजलं आणि मुक्कामावरून निघायची वेळ ठरवली साडेनऊ. वाटाड्या पहाटेपासून डोकं आपटत होता. देवळाच्या अलीकडे बर्फाचा एक तिरपा उतार आडवा ओलांडायचा होता, तो म्हणे उन्हं यायच्या आत. "रात को बादल थे बाबूजी, बर्फ बँधी नहीं। धूप लगते ही ऊपर की परत सरकेगी।" मला वाटलं, याला लवकर मोकळं व्हायचंय.

उताराशी पोचलो तेव्हा मुहूर्त लागत होता. पलीकडे देऊळ दिसत होतं. वाटाड्याने काठी खुपसली, ती ओल्या बर्फात सर्रकन आत गेली. "आज नहीं। वापस चलो।" ही पण म्हणाली, "अहो, ऐका ना त्याचं." मी भडकलो. घरापासून छातीशी धरून आणलेलं पाणी, देव समोर, आणि परत फिरू? पाण्याचा लोटा हिच्या हातात दिला, "ये मागून" म्हणालो आणि पुढे झालो. आठ-दहा पावलं गेलो असेन, तोच ही किंचाळली. तांब्याचा लोटा हिच्या हातून पडला होता, झाकण एकीकडे, पाणी काठावरच्या बर्फात. मी तणतणत परत आलो. "वेंधळी कुठली!" म्हणत तो ओला बर्फ ओंजळीने लोट्यात भरू लागलो. तेवढ्यात वर कुठेतरी धप्प आवाज झाला. गादीवरची चादर ओढावी तसा उताराचा वरचा थर सरकला आणि माझी पावलं उमटली होती ती जागा घेऊन दरीत गेला.

मी ढसाढसा रडलो. महादेवानेच लोटा पाडला, असं उज्जैनला, नानाखेड्यातल्या घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो.

महिन्याभराने ही पोहे परतताना म्हणाली, "लोटा निसटला नव्हता. मी सोडला. तुम्ही कुणाचं ऐकणार होतात का? पाण्यासाठी मात्र वळाल, हे ठाऊक होतं."

"अगं, नवसाचं पाणी! देव कोपला असता तर?"

"माझ्यावर कोपला असता. तुम्ही तर राहिला असतात."

हिच्या जिवासाठी बोललेला नवस हिने माझ्यासाठी ओतून टाकला. मग कृपा कुणाची? दर सोमवारी घाटावर जाऊन विचारतो, उत्तर मिळत नाही. आता मुहूर्त काढत नाही, काही मागतही नाही. बस, कुणी थांब म्हटलं की थांबतो. लोटा भरून आणतो, ही तुळशीला पाणी घालते, आणि मी मागे उभा राहून हात जोडतो. तुळशीला की हिला, तेही नीट सांगता येत नाही.