सोपानकाकांची बोलकी खोली

सोपानकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी एक टाळी वाजवत. चपला बाहेर, एक पाऊल उंबऱ्याच्या आत, दोन्ही तळवे छातीपाशी आणि खणखणीत एकच टाळी. मग मान तिरकी करून ती टाळी कुठं कुठं जाऊन परत येते ते ऐकत. घरच्यांनी "या, बसा" म्हणायच्या आत त्यांचा निकाल लागलेला असे. "तुमची खोली लई बोलते," किंवा, "ही खोली गरीब हाय, गप बसते." पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तिथंही त्यांनी टाळी वाजवली, आणि मुलीकडच्यांना वाटलं, पसंती झाली. एकदा मयतीच्या घरी भेटायला गेले, तिथंही हात वर गेले होते. अनुसयाकाकूंनी मागून सदरा धरून ओढला म्हणून निभावलं.

आम्ही शेजारी. साखरा गावात आमच्या वस्तीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक शेवग्याचं झाड. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. हिंगोलीला बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. पहिला असण्याचा एक तोटा असा की आपण चुकलो हे सांगणारं घरात कुणी नसतं. मी काहीही बोललो तरी आई म्हणे, "परमेश्वर म्हणते म्हणजे बराबर असंल." त्यामुळे माझ्यात बरीच हवा भरली होती. ती ज्यांच्या खोलीत निघाली, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

काका तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवत. गाणी रचायचे ते, आणि गायचे त्यांचे दोस्त, वारंगा फाट्याचे गोपाळमामा. या गाण्यांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. काकांचं सगळ्यात गाजलेलं गाणं "सोपान सांगे, पुस्तक घे रे, अंधार टाक मागं" या ओळीवर संपे. वीसेक वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला काका तापानं फणफणले म्हणून गेले नाहीत. पार्टी त्यांच्याशिवाय गेली. दोन दिवसांनी एकजण त्या कार्यक्रमाची कॅसेट घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "सोपानराव, गोपाळनं तुमचं नाव काढून आपलं घातलं बरं का." काकांनी कॅसेट लावली. त्यांना ऐकू आलं, "गोपाळ सांगे, पुस्तक घे रे." त्या दिवशी त्यांनी हार्मोनियम माळ्यावर टाकली. गोपाळमामांनी दोनदा माणूस पाठवला. काकांनी दोन्हीदा दार उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता बातमी आली की गोपाळमामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या संध्याकाळी काका आमच्या अंगणात येऊन बसले.

"परमेश्वर, तुझ्या पुस्तकात आवाजाचं काही हाय का?"

"हाय की काका. आखं एक प्रकरण हाय."

"ती कॅसेट मी पुन्हा लावली. कधी गोपाळ ऐकू येते, कधी सोपान. खोली मधात बोलून राहिली. गोपाळ जायच्या आत मला कळलं पाहिजे, त्यानं केलं का न्हाई."

"केलं असंल तर?"

"तर जाणार न्हाई भेटायला."

"अन् नसंल केलं तर?"

काका शेवग्याकडं बघत म्हणाले, "तर मेलो ना मी, लेका."

मी लगेच हुशारी दाखवली. माझा हेडफोन आणला. पण काकांच्या एका कानाला ऐकूच येत नव्हतं आणि दुसऱ्यात मशीन होतं. वर हेडफोन ठेवला की मशीन शिट्टी मारी. मग मी स्वतः ऐकलं. खरं सांगायचं तर मला काहीच कळलं नाही. जुनी फीत, लोकांचा कालवा, टाळ्या. पण काका तोंडाकडं बघत होते, आणि मी कॉलेजात जाणारा. मी म्हणालो, "गोपाळच वाटून राहिलं, काका."

ते म्हणाले, "वाटून काय उपेग? तुझ्या कानानं माझं भांडण न्हाई मिटत. मला माझ्या कानानं पाहिजे."

म्हणजे खोलीच सुधारायची होती. खोली दहा बाय बाराची. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, चारी भिंतींना गुळगुळीत सिमेंट. सामान म्हणजे एक खाट आणि लाकडी स्टुलावरचा टेप. त्या खोलीत कुणी शिंकलं तरी दोन माणसं शिंकल्यासारखं वाटे. मी काकांना सांगितलं की आवाज कडक भिंतीवर आपटून परत येतो, आधीचा शब्द विरायच्या आत पुढचा त्यावर चढतो. मऊ वस्तू लावल्या की तो जिरतो. खोली किती घुमते हे टाळी वाजवून मोजतात, हेही सांगितलं.

"मंग तुझं पुस्तक माझ्यासारखंच टाळ्या वाजवून राहिलं म्हण की," काका म्हणाले.

पण खरी खूण त्यांनीच सांगितली. "सोपान अन् गोपाळ, दोन्ही नावाचं पोट एकच हाय. पहिलं अक्षर कालव्यात बुडते, फरक कळंल तो शेवटाला. ळ-वर गळा ठरत न्हाई, न-वर ठरते. गोपाळ लेकाचा न नाकात धरून लई लांब न्यायचा. खोलीत तो 'पा'च एवढा घुमून राहिला की मागचा न सापडत न्हाई. तेवढा न मला शोधून दे."

मी मोबाईलवर पाहिलं होतं की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावले की स्टुडिओ होतो. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावरून शंभरेक रिकामे ट्रे मागून आणले. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "अंडी कुठं हायेत?" मी म्हणालो, "अंडी न्हाईत, हे आवाजासाठी हाय." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी हिंगोलीपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसलो.

तीन दिवस मैद्याची खळ करून मी ट्रे चिकटवले. चौथ्या दिवशी काकांनी टाळी वाजवली. मान तिरकी केली. "जरा फरक हाय," ते म्हणाले. नंतर मला कळलं की ते माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले होते. पातळ पुठ्ठ्यानं फक्त वरचा किणकिणाट थोडा कमी होतो. खालचा घुमारा आहे तसाच राहतो. हे माझ्या पुस्तकातही होतं, पुढच्या पानावर. मी त्या पानापर्यंत गेलो नव्हतो. काकूंच्या कोंबड्यांना मात्र खोली फार आवडली. उरलेले ट्रे कोपऱ्यात होते, त्यांत एक तांबडी कोंबडी रोज येऊन अंडं घालू लागली.

"एवढं तरी झालं," काकू म्हणाल्या. "शिक्षण वाया न्हाई गेलं."

मग मी भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि पत्र्याखाली रिकामी पोती ताणून बांधली. पोती सेनगावच्या एका ओळखीच्या आडत्याकडून आणली होती. ती हळदीची होती, हे मला वास आला तेव्हाच कळायला हवं होतं. टेप लावला, आवाज वाढवला आणि पोत्यांतून हळूहळू हळद झडू लागली. काका डोळे मिटून न शोधत होते. गाणं संपलं तेव्हा त्यांची टोपी, भुवया, मिशा, सगळं पिवळं. तसेच ते बाहेर पडले आणि पारावरच्या माणसांनी विचारलं, "सोपानराव, या वयात कुणाची हळद?" आठवडाभर गावाला तेवढं एकच काम होतं. मला तर "ऑम्लेट इंजिनिअर" म्हणायला लागले. मी इंजिनिअरिंगला नाही, सायन्सला आहे, हे एकदोघांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी हो म्हटलं.

काका कधी रागावले नाहीत. पण रोज संध्याकाळी विचारत, "फाट्याकडून काही खबर?" आणि नाही म्हटलं की टेपवरची धूळ पुसत बसत. एकदा मी म्हणालो, "काका, माझ्याच्यानं होणार न्हाई वाटते." ते म्हणाले, "घाई करू नको. पण उशीरबी करू नको." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी माझी परीक्षा समजून हे करत होतो, आणि त्यांच्यासाठी ती परीक्षा नव्हती.

मग अवकाळी पाऊस आला. नुकताच वेचलेला कापूस काकूंनी गोठ्याशेजारच्या छपरात ठेवला होता, ते गळायला लागलं. काकूंनी मला हाक मारली. "ए परमेश्वर, तुझ्या त्या गोधड्या काढ अन् कापूस आत आण. भिजून राहिला."

काका ओरडले, "अगं, माझी खोली हाय ती!"

"खोली तुमची, कापूस माझा," काकू म्हणाल्या. "वेचायला आला व्हता का तुमचा टेप?"

आम्ही तिघांनी तासभर कापूस वाहिला. तीन भिंतींना छातीच्या वर ढीग लागले. खाट आणि टेप यांच्यापुरती जागा राहिली. घामेजून काका खाटेवर टेकले आणि सवयीनं त्यांनी टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि तिथंच संपली. हातातून निघून कापसात पडल्यासारखी. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. महिनाभर मी जे शोधत होतो ते हातभर जाडीचं हवं होतं, आणि ते काकूंच्या छपरात होतं.

"लाव," काका म्हणाले.

मी कॅसेट लावली. गाणं तेच, पण आता कालवा मागं गेला होता आणि गोपाळमामा एकटे पुढं येऊन उभे राहिले होते. त्यांनी श्वास घेतलेलाही ऐकू आला. शेवटचं कडवं आलं. "सोपा..." आणि मग तो न. नाकात धरलेला, लांब, हार्मोनियमच्या सुरासारखा सरळ. मलाही ऐकू आला. दारात उभ्या काकूंनाही.

काकांनी टेप बंद केला. ते म्हणाले, "अंड्याचे ट्रेच बरे व्हते."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू तर गोपाळ म्हणला व्हता."

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "तुमी म्हणलं व्हतं, म्हणून म्हणलो काका. मला काईच ऐकू आलं नव्हतं."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. काका हळूच हसले. "बराबर. मलाबी कुणीतरी दारातून म्हणलं, म्हणूनच ऐकू आलं व्हतं."

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. "काय म्हणून जाऊ?" एवढंच म्हणत. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात आले. "गाडीत पेट्रोल हाय का?"

वारंगा फाट्याला हायवेलगतच्या दुकानांच्या मागं गोपाळमामांच्या मुलाचं घर. मामा खाटेवर उताणे होते. काका आत गेले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "जयभीम, गोपाळ." मामांनी पाहिलं, ओळखलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

काका खाली फरशीवर बसले. अगदी हळू म्हणाले, "म्या चुकलो."

मामांची सून दारातून म्हणाली, "काका, जरा जोरात बोला. मामांना कमी ऐकू येते."

"म्या चुकलो गोपाळ."

"अजून जोरात."

वीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते काकांना पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शेवटी त्यांनी पार्टीत कोरसला लावत असतील तसा आवाज लावला. "म्या चुकलोऽऽ! तू माझंच नाव घेतलं व्हतं रेऽऽ!" बाहेर पंक्चरच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. दोन-तीन माणसं खिडकीत आली.

मामांनी तोंड वळवलं. डावा हात उचलला. मला वाटलं, हात धरतील. त्यांनी काकांच्या गालफडात एक चापट ठेवून दिली. जोर नव्हता, पण कानातलं मशीन निसटून खाटेखाली गेलं. मी रांगत जाऊन शोधू लागलो. ते हाती लागेपर्यंत वर काय झालं ते मी पाहिलं नाही. उठलो तेव्हा मामांचा तोच हात काकांच्या खांद्यावर होता आणि दोघांचीही नाकं वाहत होती.

उन्हं कलल्यावर मी निघू या म्हणालो. काका उठले नाहीत. मी मशीन पुढं केलं, त्यांनी ते न लावता खिशात टाकलं. मग स्वतःला ऐकू येत नसल्यामुळं घरभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाले, "तू जाय. काकूला सांग, मी मुक्कामाला हाय."

मी बोटांनी विचारलं, किती दिवस?

"काय सांगू? वीस वर्षांचं बोलायचं राहिलं, अन् बोलणारा मी एकलाच. वेळ लागंल."